दोन उकळ्या

नागसेनने लॅबप्रमुख गंधारसरांना छाती ठोकून सांगितलं, "उद्या सकाळी उजवा माल टेबलावर. नाही दिसला तर मला खोके भरायला बसवा." माणसाने तोंड आवरावं, ते अशासाठी.

राहनाळच्या गोदामातल्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये ते एक जगावेगळं अमिनो आम्ल करत होते. ते तयार होतं तेव्हा डावे-उजवे रेणू सरमिसळ निघतात. दिसायला सारखे, पण आपल्या दोन हातांसारखे उलटसुलट. औषध कंपनीला हवा फक्त उजवा. म्हणून मिश्रणात एन्झाइम सोडायचं. ते डाव्यालाच धरतं, त्याचा तुकडा कातरतं, मग उजवा वेगळा काढता येतो. एन्झाइमची शेवटची बाटली या घाण्यात पडली होती. नमुना पास झाला तर लॅब राहणार, नाहीतर मालक तिथे पार्सलचे खोके रचणार, हे ठरलेलं.

आणि दुपारी वीज गेली. जनरेटरमध्ये डिझेल नाही. एन्झाइमला अंगाइतकी ऊब लागते, गारठलं की ते पेंगतं. नागसेनने मिश्रणाचा काचेचा चंबू टॉवेलात गुंडाळला, रिक्षा केली आणि निजामपुऱ्यातलं घर गाठलं.

आईला, शांताबाईंना, त्याने कोमट पाण्याच्या टोपात चंबू ठेवून दाखवला. बाळाच्या अंघोळीला लागतं तेवढंच पाणी ऊन ठेव म्हणाला, आणि याला जिवापाड जप. मग उद्याची तयारी करायला परत राहनाळला. स्वारी खुशीत! विजेवाचून आपलं अडत नाही, हे सरांना दोनदा ऐकवून झालं.

संध्याकाळी घरी येतो तर चंबू ओट्यावर, फडक्याने झाकलेला. हात लावला तर चटका बसला.

"आई, काय केलंस हे?"

"अरे, हलवून बघितलं तर वर फेस. म्हटलं नासतंय. पातेल्यात ओतून दोन उकळ्या आणल्या. आता उद्यापर्यंत काय व्हत न्हाय त्याला."

एन्झाइम उकळलं की मेलं. निम्मे डावे कातरायचे राहिले, ते उजव्यांत तसेच मिसळलेले. नागसेनला ओरडावंसं वाटत होतं, पण कोणावर ओरडणार? फ्रिज नव्हता तेव्हा तिने सगळ्या घराचं दूध असंच टिकवलं होतं. आणि हा नुसतं 'जप' म्हणून निघून गेला. उकळू नकोस, हे काय सांगायची गोष्ट आहे? रडू आलं, ते त्याने त्याच फडक्याने पुसलं.

नमुना नापास झाला. महिना सरायच्या आत लॅबमध्ये खोके आले, आणि शब्दाला जागून नागसेन आता तेच खोके भरतो. शांताबाई मात्र गल्लीभर सांगत असतात, लेकाचं औषध मी वाचवलं.

परवा जेवताना त्यांनी विचारलं, "तुझं ते पाणी टिकलं का रे शेवटी?"

"टिकलं," नागसेन म्हणाला. खोटं नव्हतं. चंबू अजून खोक्यांमागे पडलाय, आणि थेंबभरसुद्धा नासलेला नाही.