चिमीच्या मापाने युरोप

पॅरिसचा तो उंच लोखंडी मनोरा जवळच्या रेल्वे स्टेशनापासून अकरा चिम्या लांब आहे, ही माहिती टीकारामभाऊंनी मला दिली तेव्हा मी दाढी करत होतो. गालावर फेस तसाच ठेवून मी कुंपणापाशी गेलो. भाऊंच्या हातात मुलाने पुण्याहून पाठवलेलं सहलीचं पुस्तक होतं, कानावर पेन्सिल होती आणि चेहऱ्यावर मोठा शोध लावल्याचं समाधान होतं.

चिमी ही त्यांची साडेचार वर्षांची नात. आणि ‘एक चिमी’ म्हणजे ती एका दमात चालून खाली बसते तेवढं अंतर. भाऊंनी ते गावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, रोज सकाळी मोजून पक्कं केलं होतं. दोनशे पावलं, म्हणजे साधारण शंभर मीटर. दर चिमीनंतर दहा मिनिटं बैठक. या मापाने त्यांनी अख्खा युरोप मोजायला घेतला होता.

आमचं गाव तिरोड्याहून बोदलकशाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. गावचा तलाव भाऊंच्या पूर्वजांनी बांधलेला, आणि तो सार्वजनिक झाल्याची बातमी भाऊंनी अजून मनावर घेतलेली नाही. तीस वर्षं त्यांनी त्या तलावाचं पाणी वाटलं. त्यांचा नियम एकच, सगळ्यात शेवटच्या बांधीला, म्हणजे टोकाच्या भातखाचराला, सगळ्यात आधी पाणी. “टोकाले पयले,” हे ते दिवसातून दहा वेळा म्हणतात. जवळच्याला काय, झिरपूनही मिळतं, असं त्यांचं म्हणणं.

नियम पाण्यापुरता राहिला असता तर बरं होतं. ते शाळा समितीचे अध्यक्ष असताना पंधरा ऑगस्टला बुंदीचे लाडू वाटायचे होते. भाऊंनी शेवटच्या रांगेपासून सुरुवात केली, कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या गुराख्यांनाही दिले, आणि व्यासपीठावर पोचेपर्यंत टोपली रिकामी झाली. व्यासपीठावर ज्यांनी लाडू आणले होते ते गृहस्थही बसले होते. मी तेव्हा मुख्याध्यापक. पुढचे सहा महिने मी त्या गृहस्थांना तोंड चुकवत फिरलो.

तर त्यांच्या मुलाने, प्रशांतने, येत्या मे महिन्यात सगळ्यांनी युरोपला जायचं, असं ठरवलं. भाऊ, वहिनी, प्रशांत, सून मेघा, चिमी आणि वीस महिन्यांचा गोलू. सात देश, बारा दिवस. दिवाळीला मेघा दोन्ही मुलांना घेऊन महिनाभर गावी आली. ती ओसरीत लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करायची आणि भाऊ अंगणात युरोपचं.

गोलूला त्यांनी सामानात धरलं होतं, कारण तो उचलूनच न्यावा लागणार. उरला प्रश्न चिमीचा. ती टोकाची बांधी, म्हणून प्रवास तिच्या चालीने. या चालीने रोमचे ते जुने पडके दगड बघायलाच तीन दिवस लागत होते. सात देश पुरे व्हायला तीन महिने दहा दिवस. म्हणजे धानाची रोवणी बुडते. म्हणून त्यांनी देश कापायला घेतले.

पहिला बळी स्वित्झर्लंडचा गेला. पुस्तकात तिथल्या एका निळ्याशार तळ्याचा फोटो होता. भाऊंनी विचारलं, कोणी बांधलं? मी म्हटलं, कोणी नाही, ते आपोआप झालंय. त्यांचा चेहरा पडला. फुकटात मिळालेलं पाणी बघायला एवढ्या लांब कोण जाईल, असं म्हणून त्यांनी त्यावर काट मारली. उलट हॉलंडवाल्यांनी समुद्राला पाळ घातलीय हे कळल्यावर ते दोन दिवस भारावल्यासारखे फिरत होते. हॉलंडला त्यांनी चार दिवस वाढवून दिले आणि तिथल्या पाळीवर झाडं लावलीत की नाही, हे मला शोधायला सांगितलं.

मग तालमी सुरू झाल्या. अंगणात व्हिसाचं ऑफिस लागलं, साहेब मी. वहिनींना काहीही विचारलं तरी त्या भाऊंकडे बोट दाखवून एकच उत्तर द्यायच्या, “यायले इचारा.” भाऊंना मी विचारलं, तुम्ही परत याल याची खात्री काय? ते तालीम विसरून खरंच भडकले. म्हणाले, “काऊन साहेब, माहे धान रोवाले तुमी येता का?” मी व्हिसा नाकारला. दोन दिवस त्यांच्याकडून चहा आला नाही.

असं सगळं मजेत चाललं असताना एका दुपारी प्रशांतचा मला फोन आला. तो माझा विद्यार्थी. म्हणाला, “गुरुजी, या सहलीत रोज चार-पाच किलोमीटर चालावं लागतं. बाबांना झेपेल ना? खरं सांगा. नसेल झेपत तर या वेळी आम्ही चौघंच जाऊन येतो, आईबाबांना नंतर काशीला नेऊ.”

मी त्याला हसलो. म्हटलं, तुझा बाप ठणठणीत आहे, लेकीची काळजी कर. ती दोनशे पावलांत बसते.  तो म्हणाला, चिमी? ती तर इथे सोसायटीच्या बागेला पळत सात फेऱ्या मारते.

फोन ठेवला आणि मी स्वतःवरच चिडलो. पस्तीस वर्षं पोरं सांभाळली मी. साडेचार वर्षांचं पोर दोनशे पावलांत दमतं, हे मी ऐकून घेतलं कसं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तलावावर गेलो. पाळीवर धुकं होतं. चिमी बरीच पुढे होती, एका बकरीच्या मागे धावत. मागून भाऊ येत होते, आणि ते मोजत नव्हते, तोंडाने श्वास घेत होते. एका बोरीच्या झाडाखाली ते थांबले, छातीवर हात ठेवला आणि हाक मारली, “चिमे, थकली ना माय तू?” पोरगी बकरी सोडून धावत परत आली, त्यांच्या शेजारी बसली आणि हात पुढे केला. भाऊंनी खिशातून फुटाणे काढून तिला दिले. थकण्याबद्दल.

मला पाहून ते उठायला लागले. मी खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं आणि शेजारी बसलो. कधीपासून, असं विचारलं. पोळ्यापासून, म्हणाले. दोनशे पावलांवर छाती भरून येते, बसलं की जाते. घरात कोणाला माहीत नाही.

“प्रशांतले सांगू नोका, मास्तर. तो मले ठेवून जाईल.”

मी म्हटलं, भाऊ, युरोप काही पळून जात नाही.

“मले कायले पाह्यजे युरोप?” ते तलावाकडे बघत म्हणाले. “लेकरं वर्षातून दोनदा येतेत. आले का तो फोनवर, ही कामात. तेथं बारा दिवस कोणाले काम नाही. सारे एका गाडीत बसतेत, एका टेबलावर जेवतेत. तेवढंच पाह्यजे मले.”

 या माणसाने आयुष्यभर टोकाच्या बांधीसाठी भांडण केलं, आणि स्वतः टोकाला आल्यावर तोंड उघडायला घाबरत होता. तरीही मी गप्प बसलो नाही. छातीचं दुखणं लपवण्यात मी भागीदार होणार नव्हतो. त्याच दुपारी मी मेघाला सगळं सांगितलं. तिने डोळे पुसले आणि लॅपटॉप बंद केला.

सहलीच्या विम्यासाठी दाखला लागतो असं सांगून ती त्यांना गोंदियाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. गोळ्या मिळाल्या, पुढची तपासणी नागपूरला करून घेतली. प्रशांत त्यासाठी पुण्याहून आला. महिनाभर औषधं घ्या, मग जा, पण हळूहळू आणि बसत बसत, असं डॉक्टर म्हणाले. भाऊ घरी आले ते खाली मान घालून. ओसरीत सगळे बसलो होतो. आता काशी, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

मेघाने सहलीचं पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. म्हणाली, “बाबा, सात देश नकोत. हॉलंडमध्ये एकाच गावात घर घेऊ, बारा दिवस तिथेच राहू. चिमीला इतकं चालवत नाही हो.”

भाऊंनी वर पाहिलं. प्रशांत म्हणाला, हो, चिमीच्या पायाचं जरा बघायलाच हवं.

दारात बकरीच्या पिल्लाशी झोंबत असलेल्या चिमीने हे ऐकलं. मी थकत नाही, मी सात फेऱ्या मारते, असं ठणकावून सांगायला ती तरातरा आत आली आणि तिने तोंडही उघडलं. मग तिची नजर आजोबांच्या चेहऱ्यावर गेली. क्षणभर ती तशीच उभी राहिली, आणि मग सगळ्यांच्या मधोमध जमिनीवर फतकल मारून बसली.