कुवाबारा घराण्याचा चौथा थर

“आजोबा, हे उघडायचं कुठून?”

ज्या संस्थेला सत्तर वर्षांत कुणी एकही प्रश्न विचारलेला नाही ती यशस्वी समजावी, असा जगाचा साधारण नियम आहे. जपानमधल्या नागाओका शहरातली ‘कुवाबारा वेष्टनयंत्र कंपनी’ या नियमाने अत्यंत यशस्वी होती. म्हणजे गेल्या सोळा नोव्हेंबरच्या सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांपर्यंत होती. त्या मिनिटाला अध्यक्षांची एकुलती एक सतरा वर्षांची मुलगी चिगुसा सत्तराव्या वर्धापनदिनाच्या समारंभात माइकसमोर उभी राहिली आणि वरचा प्रश्न विचारून मोकळी झाली.

वास्तविक तिला दुसरा प्रश्न देण्यात आला होता. कंपनीच्या इतिहास समितीने (सदस्य सहा, सरासरी वय एकाहत्तर) तीन बैठका घेऊन तो तयार केला होता: “आपल्या यशाचं रहस्य काय?” उत्तरही छापून तयार होतं. पण आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत रुरिका आणि हात्सुने या तिच्या मैत्रिणी सेंबेईच्या, म्हणजे तांदळाच्या भाजक्या चकतीच्या, पुडीशी झटापट करत होत्या.

“तुमच्याच मशीनची ना गं ही पुडी?” रुरिका दात लावत म्हणाली. “मग विचार की उद्या आजोबांना, उघडायचं कुठून!”

“ही विचारतेय!” हात्सुने म्हणाली. “वर्गातली खिडकी उघडू का, हे विचारायलासुद्धा लाजते ही.”

“लाजायचे,” चिगुसा म्हणाली. “ते गेल्या वर्षी.”

तर असा तो प्रश्न. त्याचं गांभीर्य कळायचं तर कंपनीचा इतिहास थोडक्यात पाहणं भाग आहे. (संपूर्ण इतिहास चारशे बारा पानांचा आहे. वजन दोन किलो सातशे ग्रॅम, पेटी धरून.)

संस्थापक तोकुझो हे चिगुसाचे पणजोबा. कुवाबारांच्या सेंबेईच्या दुकानात ते घरजावई म्हणून आले. इकडच्या दमट हवेत सेंबेई तासाभरात मऊ पडायची. तोकुझोंनी एक शिवणयंत्र आणि एक इस्त्री यांचा संसार जुळवून दिला आणि प्रत्येक चकतीला सेलोफेनचा अंगरखा घालणारं पहिलं यंत्र जन्माला आलं. दुसऱ्या पिढीत आजोबा इसामु आले, तेही घरजावईच. त्यांनी दोन-दोन चकत्यांना पाकिटात घातलं आणि पाकिटांना तबकात. तिसऱ्या पिढीत चिगुसाचे बाबा आले (घरजावई). त्यांनी तबक खोक्यात, खोकं कागदात आणि कागद पिशवीत घालणारी यंत्रं काढली.

बाहेर एवढा बंदोबस्त असताना आतल्या सेलोफेनची गरज काय, असं एखाद्या उथळ माणसाच्या मनात येईल. पण सेलोफेन काढणं म्हणजे देवघरातली पणजोबांच्या नावाची पाटी उचलून माळ्यावर टाकण्यासारखं आहे. पूर्वजांचा थर काढता येत नाही. आपला एक वर चढवता येतो, आणि प्रत्येक पिढीने तो चढवावा अशी अपेक्षा असते. सध्या एका सेंबेईवर सहा आवरणं आहेत. (सेंबेई स्वतः दीड मिलिमीटरने बारीक झाली आहे. समितीने याला ‘आंतरिक प्रगती’ म्हटलं आहे.)

अध्यक्षांचंही तसंच. घराण्यात मुलगे झाले नाहीत असं नाही. दोन झाले, आणि समितीच्या शब्दांत दोघेही ‘परगावी’ आहेत. म्हणून कारखान्यातला एखादा हुशार माणूस निवडायचा, मुलीशी लग्न लावायचं, दत्तक घ्यायचं आणि त्याच्यावर कुवाबारा हे आडनाव चढवायचं. आतला माल बदलतो, वरची छपाई तीच राहते. जन्माने कुवाबारा असलेली एकही व्यक्ती आजवर अध्यक्ष झालेली नाही. चिगुसाची आई जन्माने कुवाबारा. चालत्या यंत्राचा नुसता आवाज ऐकून कोणता पट्टा सैल झालाय ते ती सांगते. इतिहासात तिचा उल्लेख एकदा आहे: पान १८७, छायाचित्रात डावीकडून तिसरी, चहासह.

पान ३९८ वर चौथ्या अध्यक्षांसाठी लंबगोल चौकट सोडलेली होती. चेहरा कोरा, पण टाय आधीच रेखाटून ठेवला होता. चौकटीसाठी आरेखन विभागातले सेनाओ (वय अठ्ठावीस) पसंत झाले होते. पुस्तक मार्चमध्ये छापायला जाणार, म्हणून चिगुसाचं लग्न ठरायचं तेही मार्चच्या आत. प्रत्यक्ष लग्न तिचं शिक्षण झाल्यावर. त्याला छापखान्याची हरकत नव्हती.

असो. प्रश्न ऐकून सभागृहातल्या दोनशे चाळीस पाहुण्यांच्या माना आजोबांकडे वळल्या. आजोबा, म्हणजे आताचे मानद अध्यक्ष, उठले. वय चौऱ्याऐंशी, बोटं आखडलेली. “हे असं... असं धरायचं,” म्हणत त्यांनी पुडी हातात घेतली. कोपरा ओढून पाहिला. दुसरा ओढला. पुडी टेबलाच्या कडेवर घासली. अकराव्या मिनिटाला आतल्या सेंबेईचा भुगा झाल्याचं मागच्या रांगेपर्यंत ऐकू आलं. पुडी शाबूत होती.

माइक चालू आहे हे विसरून आजोबा म्हणाले, “नऊ वर्षं झाली गं मी ही खाल्लेली नाही. उघडतच नाही.”

चिगुसाला मैत्रिणींनी सुचवलेला प्रश्न त्या क्षणी अजिबात गमतीचा वाटेना.

इतिवृत्तात नोंद झाली: ‘मानद अध्यक्षांनी सीलच्या मजबुतीचं यशस्वी प्रात्यक्षिक दाखवलं. टाळ्या.’

कंपनी मात्र प्रश्नाकडे दुर्लक्ष करणाऱ्यांतली नव्हती. ‘उघडणे अभ्यासगट’ नेमला गेला. त्याने पाहणी केली. ग्राहक पुडी कशी उघडतात? दातांनी एकेचाळीस टक्के, कात्रीने तेहतीस, सुनेला हाक मारून एकोणीस. सात टक्के उघडत नाहीत, दुसऱ्याला भेट देतात. सहा बैठकांनंतर उपाय सापडला: ‘इथून उघडा’ असा बाण छापलेली चिकटपट्टी. ही पट्टी घासून निघते असं आढळल्याने तिच्यावर पारदर्शक पापुद्रा चढवण्याचं ठरलं. पापुद्रा कुठून उघडायचा, हे पुढच्या पिढीवर सोपवण्यात आलं.

या सातव्या आवरणाला ‘चिगुसा थर’ असं नाव मिळालं. पान ३९७ वर तिचा फोटो येणार होता, बरोबर टायच्या मागच्या बाजूला. यंत्राची जबाबदारी सेनाओंकडे.

चिगुसा शाळेच्या गणवेशातच त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

“सेनाओ-सान, माझ्याबद्दल तुम्हाला कुणी विचारलं होतं का हो?”

“परिपत्रक आलं होतं,” सेनाओ उठून उभे राहत म्हणाले.

“मग?”

“सही कुठे करायची त्याची जागा होती. नको म्हणायचं तर कुठे लिहायचं, ती जागा सापडली नाही.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “रागावू नका, पण मला खरं म्हणजे गावी जाऊन भोपळे लावायचेत.”

“अहो, मग लावा की!”

“तुम्ही आधी घरी बोलाल का?” सेनाओंनी आशेने विचारलं.

इथवर येईपर्यंत काही वाचक कुवाबारांना मनसोक्त हसले असतील. हसायला मनाई नाही. ज्यांच्या घरी टीव्हीचा रिमोट अजून दुकानातल्या प्लास्टिकमध्येच आहे, ज्यांनी लग्नात आलेल्या भेटींचे कागद घड्या घालून गादीखाली ठेवलेत, आणि ज्यांनी आपल्या मुलीचं काय करायचं हे ठरवून झाल्यावर तिला “तुला काय वाटतं?” असं प्रेमाने विचारलंय, त्यांनी फक्त पुढचा भाग उभं राहून वाचावा.

फेब्रुवारीतल्या रविवारी बाबांनी जेवणाच्या टेबलावर इतिहासाचे कच्चे छापील कागद पसरले. बाहेर बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत आलं होतं.

“बघ चिगुसा, एवढा चेहरा बसला की झालं,” बाबा चौकटीवर बोट ठेवून म्हणाले. “तुला काय वाटतं?”

“माझा बसवा.”

“तुझा ३९७ वर आहे ना. बाणासकट.”

“तिथला काढा. इथे बसवा.”

बाबांनी चष्मा पुसला. “अगं, पण इथे टाय छापून झालाय.”

आईने हातातल्या जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. “टाय खोडता येतो,” ती म्हणाली. सत्तर वर्षांच्या इतिहासात जन्मजात कुवाबाराने धोरणावर केलेलं हे पहिलं विधान. (नोंद नाही.)

चिगुसा उठून उभी राहिली. माइक नव्हता, पण आवाज सभागृहातल्यासारखाच लागला.

“आई, बाबा, माझं ठरलंय. लग्न ठरणार नाही, सेनाओ-सान भोपळे लावायला जाणार आहेत. मी यंत्रांचं शिक्षण घेणार, मग आईच्या हाताखाली पट्टे ओळखायला शिकणार, आणि चौथी अध्यक्ष मी होणार. माझ्या पिढीत थर चढणार नाही, उतरणार. पणजोबांना विचारता येत नाही आणि आजोबांनी तर तेव्हाच हो म्हटलंय, तेही माइकवर. राहता राहिलात तुम्ही, बाबा. तेव्हा सुरुवात तुमच्या पिशवीपासून.”