परबकाकांनी कापलेली माणसं

आमच्या परबकाकांनी आजवर चौदा माणसं कापली. त्यात त्यांचा सख्खा भाऊ, दोन मेव्हणे, सोसायटीचा सेक्रेटरी आणि मी. मला तर दोनदा कापलं. पहिल्यांदा माझा नाच गेला, दुसऱ्यांदा मागे उरलेला खांदा.

घाबरू नका. काका शिवडीच्या एका गोदामात टाइमकीपर होते, त्यांनी आयुष्यात कोंबडीसुद्धा कापली नसेल. ही कापाकापी चालायची कॉम्प्युटरवर. आमची भोईवाड्याची चाळ उभी होती तेव्हा मुलीच्या हळदीचं शूटिंग काकांनी स्वतः केलं होतं. शूटिंगवाला सांगितला नाही, कारण "ते लोक पंगतीवर कॅमेरा धरतात, माणसाच्या तोंडावर नाय." नंतर त्याच्या डिस्क करून त्यांनी घरोघर वाटल्या. इथपर्यंत सगळं छान होतं. मग काका एडिटिंग शिकले.

तेव्हापासून जो भांडेल त्याला हळदीतून काढायचं आणि उरलेल्याची नवी डिस्क राइट करायची, हा नियम झाला. वर ते जाहीर करायचे. "सेक्रेटरीला उडवला. एक मिनिट बारा सेकंद होता. सकाळीच साफ केला." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर नुकती दाढी केल्याचं समाधान असे. बोलाचाली, कोर्टकचेरी काही नाही. माणूस गेला.

चाळीच्या जागी टॉवर यायचा ठरला, तेव्हा कागदावर खोली कोणाच्या नावाने लावायची यावरून धाकट्या भावाशी, विलासशी, वाजलं. एका दुपारी विलास, त्याची बायको सुरेखा आणि त्यांची मुलं अशी अख्खं बिऱ्हाड कापलं गेलं. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आता हळद लावायला तरी कोण ठेवलंय का? पोरगी आपोआप पिवळी होत चाललीय." काकांनी ते ऐकलं नाही. काकूंचं ऐकायची सवय त्यांना नव्हतीच, आणि हे मी प्रेमाने लिहीत नाही.

यात एक तांत्रिक गाढवपणा होता. मूळ टेपला केव्हाच बुरशी लागली होती. कॉम्प्युटरमध्ये जागा नाही म्हणून काका काम झालं की मागचं सगळं पुसून टाकत. म्हणजे पुढची कापाकापी मागच्या डिस्कवरून. दरवेळी कॉम्प्युटर ते चित्र पुन्हा दाबून बसवणार आणि दरवेळी त्यातलं थोडं मरणार. चहाच्या चोथ्याचाच पुन्हा चहा करायचा, तसं. मी हे सांगायला गेलो.

"तू मला शिकवू नको," काका म्हणाले. "हायेस्ट क्वालिटीवर ठेवलंय."

त्या आठवड्यात माझा खांदा गेला.

मागच्या वर्षी काकू गेल्या. विलास आणि सुरेखा स्मशानात आले, लांब उभे राहिले आणि न बोलता परतले. वर्षश्राद्ध जवळ आलं तसे काका फोटोच्या मागे लागले. काकूंना कॅमेऱ्याचा तिटकारा. घरात एक आधार कार्डावरचा फोटो, त्यात त्या चोर पकडल्यासारख्या दिसतात. "हसतानाची पायजे," काका म्हणत राहिले. "हळदीत हसली होती ती. मी स्वतः काढलंय."

आम्ही डिस्क घेऊन परळच्या फोटोवाल्याकडे गेलो. त्याने चित्र थांबवलं, मोठं केलं. पडद्यावर पिवळे-तपकिरी चौकोन आले.

"काका, याच्यात चेहराच नाय."

"नीट बघ. ही बघ, ही ती."

"साडी आहे काका. चेहरा नाय."

काका रस्त्यावर आले आणि पहिल्यांदाच मला त्यांची दया आली. सुरुवातीला वाटलेल्या, न कापलेल्या डिस्क आठवल्या. मुलीकडची काकांनी केव्हाच बदलून कापलेली दिली होती. आणि कापलेल्या माणसांनी त्या कशाला जपाव्यात? माझी मी खिडकीच्या ग्रिलला कबुतरं येऊ नयेत म्हणून टांगली होती, पार ओरखडून गेली होती. एका मेव्हण्याने फेकून दिली होती, दुसऱ्याने दारच उघडलं नाही. उरला विलास.

शिवडीला त्याच्या दारात काका उभे राहिले आणि त्यांचं मुंबईचं मराठी गळून पडलं, उरली गावची मालवणी. "माका ती हळदीची डिस्क व्हयी," एवढंच बोलले.

विलास म्हणाला, "आमका कापलंस ता म्हायत आसा माका." मग दारातून बाजूला होत, "भायर कित्याक उभो? आत ये."

सुरेखाने कपाटातून डिस्क काढली. साड्यांच्या घडीत ठेवली होती. विलासने ती लावली आणि चाळीची गॅलरी जशीच्या तशी समोर आली. काकू सुरेखाच्या गालाला हळद फासत होत्या. सुरेखा ओरडत होती आणि काकू तोंडाला पदर न लावता, सगळे दात दाखवून हसत होत्या. मग पंगतीत दोघी. मग जिन्यावर दोघी, कोणाची तरी नक्कल करत. बहुधा काकांचीच. जिथे जिथे काकू हसल्या होत्या तिथे तिथे सुरेखा होती. काकांच्या डिस्कमध्ये यातला एक सेकंदही नव्हता.

काका पडद्यावरच्या काकूंकडे बघत म्हणाले, "मी हिकाच कापलंय रे."

खरंच होतं ते.

निघताना विलासने डिस्क त्यांच्या हातात ठेवली. काकांनी ती परत त्याच्याकडे दिली. "नको. माजो माकाच भरवसो नाय. हयच रांवदे. मी येयन बघूक."

कॉपी करून नेता आली असती. आहे तशी उतरवली तर चित्राला काही होत नाही, हे मला ठाऊक होतं. मी गप्प बसलो.

काकांनी चपला घातल्या आणि भावजयीकडे न बघता पुन्हा यायची परवानगी मागितली, "रविवारी इलंय तर चलात?"

सुरेखा दाराला टेकून उभी होती. म्हणाली, "वैनी आसताना येवक व्हया होतां, भावजी."

"होय," काका म्हणाले.