ढोलीतले संस्कार

एका जंगलात, बालमित्रांनो, सगळं काही होतं. झाडं होती, नाला होता, नाल्यावर पाणी प्यायला येणारा बिबट्याही होता. फक्त बालविकासतज्ज्ञ नव्हता. मग एके दिवशी तोही आला आणि जंगल पूर्ण झालं.

हे तज्ज्ञ म्हणजे बगळेसर. नाल्यात एका पायावर उभं राहून, डोळे मिटून ते व्याख्यान देत. मधूनच मासा गिळत, पण तेवढ्यापुरतं व्याख्यान थांबे. तोंडात घास असताना बोलू नये, इतके संस्कार त्यांच्यावर नक्की झालेले होते.

नाल्याकाठच्या उंबरावर वानरांची एक टोळी राहायची. त्या टोळीतल्या साळूला पहिलंच बाळ झालं होतं. त्याचं नाव भुंग्या. साळूने जीभ बाहेर काढली की भुंग्याची इवलीशी जीभ बाहेर. ती फांदीवर डुलली की तोही तिच्या पोटाशी त्याच तालात डुलायचा. असं बाळ जगात दुसऱ्या कुणालाही झालेलं नाही, अशी साळूची खात्री पटली. तुमच्याही आईची पटली होती. विचारून बघा.

पण बगळेसरांचं व्याख्यान ऐकलं आणि साळूची झोप उडाली.

“बाळ जे बघतं तेच करतं,” सर म्हणाले. “त्याच्यापुढे कुणी भांडलं की ते भांडखोर होणार. कुणी घाबरलं की ते भित्रं होणार. आणि कुणी खेकसलं...” इथे त्यांनी असा सुस्कारा सोडला की समोरच्या आयांना रडूच कोसळलं.

साळूने घरी येऊन टोळीकडे पाहिलं. सासूबाई पिकल्या उंबरावरून आपल्या जावेच्या झिंज्या उपटत होत्या. टोळीचा म्होरक्या हुप्प्या उगाचच एकेकाला दात दाखवत हिंडत होता. आणि साळूचा सख्खा भाऊ दगडू शेंड्यावर बसून खेकसत होता.

आता दगडूचं कामच खेकसायचं. तो टोळीचा पहारेकरी. बिबट्या दिसला की त्याने ‘खॅक् खॅक्’ ओरडायचं आणि बाकीच्यांनी हातातलं टाकून शेंडा गाठायचा, ही वानरांची पूर्वापार पद्धत.

“दादा, उद्यापासून हे चालायचं नाही,” साळू म्हणाली.

“अगं, मग बिबट्या आला तर काय करू? ओवाळू त्याला?”

“हळू सांग. हसून सांग. भुंग्या बघतोय.”

“आणि बिबट्यानं खाल्लं म्हणजे?”

“निदान भित्रा तरी होणार नाही माझा भुंग्या!”

बालमित्रांनो, साळू मूर्ख नव्हती. ती नवीन आई होती. आपल्या हातून बाळाचं काहीतरी बिघडेल या धास्तीने तिचं काळीज सतत धडधडे. ती धास्तीही भुंग्याला दिसू नये म्हणून ती दिवसभर हसत राही. संध्याकाळी गाल दुखून यायचे.

नव्या आईशी वाद घालण्याची छाती हुप्प्यालाही झाली नाही. टोळी सुसंस्कृत झाली. “आधी तुम्ही घ्या,” सासूबाई म्हणत. “छे छे, तुम्हीच घ्या,” जाऊ म्हणे. सगळे एका तालात माना डोलवत हसत आणि भुंग्या टाळ्या पिटत असे.

पण आलेला राग कुठेतरी काढावा लागतोच. उंबराच्या मागच्या अंगाला, बुंध्याच्या तळाशी एक खोल ढोली होती. सासूबाई गोड हसून उठायच्या, बुंध्यामागे जायच्या, ढोलीत तोंड घालून जावेचा सात पिढ्यांसकट उद्धार करायच्या आणि हसतच परत यायच्या. हुप्प्या तिथे दात विचकून यायचा. दगडू तर आपलं डोकं खांद्यापर्यंत आत खुपसायचा आणि साठलेले सगळे खॅक् खॅक् मोकळे करायचा. डोक्याने ढोलीचं तोंड बंद व्हायचं, त्यामुळे बाहेर काही ऐकू येत नसे. पुढे पुढे तिथे रांग लागू लागली. रांगेतही सगळे एकमेकांकडे पाहून हसत.

साळूला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. म्हणजे, तीसुद्धा एकदा जाऊन आली होती. पण ते वेगळं.

भुंग्या आता रांगू लागला होता. पुढच्या बाजूला आपल्याला काय शिकवतात, यात त्याला फारशी गंमत वाटेना. ही मोठी मंडळी सारखी मागे का जातात? हे मात्र त्याने बेचक्यात बसून नीट पाहून घेतलं.

एके दिवशी बगळेसर आदर्श टोळी बघायला आले. सगळे खालच्या फांदीवर ओळीने बसले आणि हसू लागले. सर खूश झाले. इतक्यात वरून दगडूला नाल्यापलीकडे बिबट्या दिसला.

दगडूने तोंड उघडलं. साळूने डोळे वटारले. दगडूने तोंड मिटलं आणि तो गोड आवाजात म्हणाला, “मंडळी, बिबटेसाहेब येताहेत बरं का.”

“हो का? वा, वा!” टोळी म्हणाली आणि जागेवरच बसून राहिली.

वानराचे पाय शब्दांचं ऐकत नाहीत, शेजारच्या पायांचं ऐकतात. एकाने उडी मारली की सगळे मारतात. आज पहिली उडी कुणी मारलीच नाही.

बिबट्या आता झाडाखाली पोचत होता. साळूने मांडीकडे पाहिलं. मांडीवर भुंग्या नव्हता. तो खाली, बुंध्यापाशी रांगत होता. साळूने ओरडायला तोंड उघडलं, तर सवयीने हसूच आलं. तिला स्वतःचा इतका राग यापूर्वी कधी आला नव्हता.

भुंग्याने बिबट्याला पाहिलं. मोठ्यांसारखंच छान हसून दाखवलं. मग मोठ्यांसारखाच तो वळला, बुंध्यामागे गेला आणि ढोलीत डोकं घालून त्याने आजीच्या शिव्या, हुप्प्याचं गुरगुरणं आणि मामाचं खॅक् खॅक् असं सगळं एका दमात बाहेर काढलं.

त्याचं डोकं लिंबाएवढं. त्याने ढोलीचं तोंड कसलं बंद होतंय! अख्खा बुंधा घुमला.

दगडूला वाटलं, आपणच ओरडलो. त्याने उडी मारली. त्याची पाहून हुप्प्याने, हुप्प्याची पाहून सगळ्यांनी. बगळेसर तर कर्कश किंकाळी फोडून कधीच उडाले होते. एकट्या साळूने उडी मारली ती खाली. भुंग्याला पोटाशी धरून ती वर चढली, तेव्हा तिच्या शेपटीचा गोंडा बिबट्याच्या पंजात राहिला.

शेंड्यावर साळू ढसाढसा रडली. भुंग्या बघत होता तरी रडली.

“सोन्या माझ्या, कुठं रे शिकलास हे?”

सगळी टोळी एका तालात दुसरीकडे पाहू लागली.

दुसऱ्या दिवशी बगळेसर परत आले. हा आपल्याच पद्धतीचा विजय आहे, असं त्यांनी जाहीर केलं. आता खेकसणं समोर बसवून शिकवायचं ठरलं.

“म्हण बाळा, खॅक्!” दगडू म्हणाला.

भुंग्याने जांभई दिली. ती पाहून दगडूने दिली. मग हुप्प्याने, मग सगळ्या टोळीने.

भुंग्या हळूच सटकला आणि साळू त्याच्या मागोमाग गेली. बुंध्यामागे सासूबाई बसल्या होत्या. कालच्या भीतीने त्यांची जाऊ अजून थरथरत होती, आणि सासूबाई गुपचूप तिच्या पाठीतल्या उवा वेचत होत्या.

“कुणाला सांगू नकोस हं सूनबाई,” त्या लाजून म्हणाल्या.

भुंग्याने थोडा वेळ पाहिलं. मग तो आईच्या पाठीमागे गेला आणि आजीच्या तालात तिच्या उवा वेचू लागला.

तात्पर्य: मुलांना वाईट गोष्टी रोज समोर बसवून नेमाने शिकवाव्यात, म्हणजे त्या त्यांना जन्मात येणार नाहीत. चांगलं वागायची हुक्की आलीच, तर झाडामागे जाऊन वागावं. मात्र मुलं झोपली आहेत अशी खात्री करून घेऊ नये.