आई, चक्कर आली!

मला आमच्या रेल्वेतलं सगळं कळतं. उगाच बढाई नाही मारत! वेळापत्रकाच्या ऑफिसात एकोणीस वर्षं काढली आहेत मी. कुठली गाडी कुठल्या स्टेशनात किती वाजता शिरते, हे मला झोपेत विचारा. बायको म्हणते, न विचारताच मी झोपेत तेच बडबडतो. पण तो विषय वेगळा.

तर त्या दिवशी माझ्या मेहुण्याची परीक्षा होती. मेहुण्याला घरी भोंग्या म्हणतात, कारण लहानपणी तो रडायला लागला की चार घरं पलीकडे ऐकू जायचं. आता बत्तीस वर्षांचा बाप्या झालाय आणि इंजिनात असिस्टंट आहे. ड्रायव्हर व्हायचं तर परीक्षक साहेबांना शेजारी बसवून घाटातली चक्कर चढून दाखवावी लागते.

चक्कर म्हणजे काय ते आधी सांगतो. आमच्या लाइनवर एके ठिकाणी डोंगर इतका उभा आहे की गाडी सरळ चढूच शकत नाही. म्हणून तिथे रुळांनी अख्खा गोल वळसा घातलाय. गाडी एका पुलाखालून जाते, फिरत फिरत वर चढते आणि त्याच पुलावरून पुढे निघते! कागदावर त्याला काहीतरी लांबलचक नाव आहे, पण आम्ही रेल्वेवाले म्हणतो चक्कर. चक्कर आली, चक्कर गेली, असं आमचं रोजचं बोलणं.

परीक्षेत अट एकच. चकरेत गाडी थांबता कामा नये. भोंग्या दोनदा नापास झाला होता, दोन्ही वेळा चढावर चाकं घसरून गाडी अडकली होती. ही तिसरी आणि शेवटची संधी! नाही जमलं तर जन्मभर असिस्टंट.

"आईला घेऊन तुम्ही जा, पण काही करू नका," बायकोने निघताना बजावलं. तिला शाळेतून रजा मिळाली नव्हती. "नुसते बसून राहा."

"अगं, तो इंजिनात, मी शेवटच्या डब्यात. मी काय करणार?"

"तेच मला सुचत नाहीये," ती म्हणाली. "म्हणून तर भीती वाटते."

शेवटच्या डब्यात बसायची आयडिया माझीच. आमची गाडी चांगली लांब. इंजिन पुलावर पोचतं तेव्हा शेवटचा डबा बरोबर पुलाखाली शिरत असतो. म्हणजे सासूबाईंना लेक इंजिन चालवत थेट डोक्यावरून जाताना दिसणार! हे असलं वेळापत्रकवाल्यालाच सुचतं.

अडचण एवढीच की सासूबाईंना गाडी लागते. पण मी तयारीत होतो. उलटीची गोळी आणली होती. एक पुरते, पण घाटाचा विचार करून मी दोन दिल्या.

"जावईबापू," सासूबाई जांभई देत म्हणाल्या, "माझा डोळा लागला तर चक्कर आली की उठवा हं. पोराला बघायचंय मला."

"आई, तुम्ही निर्धास्त झोपा!"

त्या इतक्या निर्धास्त झोपल्या की तोंड उघडं पडलं आणि मान माझ्या खांद्यावर आली. गाडी घाटाला लागली. मी घड्याळ बघत होतो. अकरा एकोणीस. अकरा वीस. खिडकीतून पूल दिसला!

"आई, उठा! चक्कर आली!"

सासूबाई ढिम्म.

"अहो आई! चक्कर आली! चक्कर आली!!" मी त्यांना गदागदा हलवलं. डोकं या बाजूचं त्या बाजूला गेलं, पण डोळे मिटलेलेच!

समोरच्या बाकावर एक नर्सबाई स्वेटर विणत बसल्या होत्या. त्यांनी सुया फेकल्या आणि झेपच घेतली.

"सरका! आधी आडवं करा त्यांना! हवा येऊ द्या!"

"अहो, तसं नाही, चक्कर आलीये..."

"ऐकलं मी! पाय वर धरा!"

काय होतंय ते मला कळायच्या आत डब्यातल्या दोघांनी सासूबाईंना बाकावर आडवं केलं आणि त्यांचे पाय छताकडे उचलून धरले. मी हादरलो! जावयाच्या देखत सासूचे पाय छताला!

"काही औषध दिलं होतं का?" नर्सबाईंनी मला दरडावलं.

"दोन गोळ्या."

"कसल्या?"

"उलटीच्या."

"उलटी होण्याच्या की थांबण्याच्या?"

माझी अशी पाचावर धारण बसली की मला ते आठवेचना! मी गोळ्यांचं पाकीट शोधायला खिसे उलटे करू लागलो. नर्सबाईंनी माझ्याकडे जे बघितलं, ते पोलीससुद्धा बघत नाहीत.

डब्याच्या टोकाला गार्ड होता. आवाज ऐकून तो धावत आला. बिचारा त्या लाइनवर नवीन होता, आठवडाच झाला होता.

"या कोण?" त्याने विचारलं.

"आजच्या ड्रायव्हरची आई," मी म्हणालो. काय गरज होती सांगायची? पण अभिमान!

गार्डने वायरलेस तोंडाला लावला. "हॅलो, इंजिन! तुमच्या आईला चक्कर आली! बेशुद्ध आहेत!"

"नको!" मी ओरडलो. "थांबवू नका! आई झोपल्यात!"

क्र्र्रर्र! गाडी थांबली. चकरेत! एकोणीस वर्षांत अकरा एकवीसला ती गाडी तिथे कधीच थांबली नव्हती.

मी खिडकीतून मान बाहेर काढून वर बघितलं आणि हबकलोच. इंजिन बरोब्बर डोक्यावर, पुलाच्या मध्यात! आणि त्यातून भोंग्या कमरेपर्यंत बाहेर लोंबकळत होता.

"भाऊजी! आईला काय झालं?"

"काही नाही रे! झोपल्यात! चक्कर आली म्हणून उठवत होतो!"

"चक्कर आल्यावर उठवतात होय? झोपू द्या तिला!"

"अरे ती चक्कर नाही! ही चक्कर!"

"आईईई!" भोंग्याने गळा काढला. लहानपणचा आवाज जसाच्या तसा! सगळ्या डोंगरात घुमला.

त्या आवाजाने मात्र सासूबाईंनी खाडकन डोळे उघडले. वर बघतात तर स्वतःचे पाय, पायांच्या पलीकडे खिडकी आणि खिडकीतून लेक!

"अगंबाई, दिसला!" त्या खूश होऊन म्हणाल्या. मग पाय धरणाऱ्यांकडे त्यांचं लक्ष गेलं. "आणि हे मेले कोण?"

पुढचं सांगायला मलाच कसंतरी होतं. गाडी चढावरून पुन्हा सुटेना. भोंग्याने तीनदा जोर लावला, तीनदा चाकं जागच्या जागी फिरली. शेवटी अख्खी गाडी उलटी, इंच इंच करत, गोल फिरवून खालच्या स्टेशनापर्यंत मागे न्यावी लागली. गार्ड मागच्या दारात झेंडी धरून उभा. भोंग्याची ड्रायव्हरकी माझ्यामुळे बुडाली, हे मला रुळांच्या प्रत्येक सांध्याला ऐकू येत होतं. मी सासूबाईंकडे बघूच शकलो नाही.

खालून पुन्हा जोर घेऊन गाडी या खेपेला एका दमात चढली. वरच्या स्टेशनात उतरलो तेव्हा भोंग्या घामाने निथळत प्लॅटफॉर्मवर उभा होता आणि साहेब वहीत लिहीत होते.

"चकरेत गाडी थांबली," साहेब म्हणाले. "म्हणजे चढाईत नापास."

भोंग्याचा चेहरा उतरला. सासूबाईंनी माझा दंड घट्ट पकडला, आधाराला की चिमटा काढायला ते अजून कळलेलं नाही.

"पण," साहेबांनी पान उलटलं, "इथे एक रकाना आहे. भरलेली गाडी चकरेतून उलटी खाली आणणे. हा मी आजवर कुणाचाच भरलेला नाही, कारण असला मूर्खपणा मुद्दाम कोण करायला सांगणार? यांनी आणली, एक धक्का बसू न देता! जो हे करतो त्याला मी असिस्टंट ठेवू शकत नाही. पास!"

भोंग्याने पुन्हा गळा काढला, या वेळी आनंदाने. मायलेक गळ्यात पडून रडले. मीही रडलो असतो, पण साहेबांनी चष्मा माझ्याकडे वळवला.

"आणि हा गोंधळ कुणी घातला?"

अख्ख्या डब्याने माझ्याकडे बोट दाखवलं. सगळ्यात पुढे नर्सबाईंचं, स्वेटरच्या सुईसकट!

"तुम्ही वेळापत्रकवाले ना?" साहेब म्हणाले. "गाडी बेचाळीस मिनिटं लेट. मागच्या तीन गाड्या खोळंबल्या. उद्या सकाळी मोठ्या साहेबांसमोर कारण लेखी द्यायचं. तुमच्या सहीने!"

मी मनातल्या मनात लिहून बघितलं. 'कारण: चक्कर आली.' चकरेत गाडी लेट का झाली, तर चक्कर आली! डोळ्यांपुढे अंधारी आली, प्लॅटफॉर्म गरगरला.

"साहेब," मी कसंबसं म्हणालो, "मला... चक्कर आली."

"आली नाही, गेली," साहेब वही मिटत म्हणाले. "मघाशीच. खाली राहिली ती."

मी धाडकन पडलो. नर्सबाई दोन पावलांवर होत्या, पण त्या खाली बसून स्वेटरचे सुटलेले टाके मोजत होत्या.