उशी कोणत्या राज्यात?

हरणाच्या शिकारीच्या परवान्याचे नियम आमच्या भागात कुणाला तोंडपाठ असतील, तर ते मला! हे मी फुशारकीने सांगत नाही. म्हणजे, सांगतो फुशारकीनेच, पण खरं आहे. नियमांची पुस्तिका दरवर्षी उन्हाळा संपताना येते. लोक ती ट्रकमध्ये टाकून देतात आणि तिच्यावर कॉफीचे कप ठेवतात. मी ती वाचतो. दोनदा!

मुख्य नियम सोपा आहे. तुम्ही आयोवाचे रहिवासी असाल तर दुकानात खिळे घ्यायला जावं आणि येताना परवाना घेऊन यावं. परराज्यातले असाल तर सोडतीत नाव घालावं आणि चार-पाच वर्षं आकाशाकडे बघत बसावं. म्हणून काही लबाड माणसं राहतात शेजारच्या मिनेसोटा राज्यात आणि कागदावर पत्ता देतात आयोवातल्या आईचा.

असा एक लबाड माझ्या डोळ्यांसमोर होता. गेलन मोएन. याची बायको, घर, अंगणातला गरम पाण्याचा हौद, सगळं मिनेसोटात. परवान्यावर पत्ता मात्र आई बोर्गहिल्डचा, माझ्या घरापासून मैलभरावरचा. गेल्या डिसेंबरात माझ्या रानाच्या कडेला त्याने दहा फाट्यांच्या शिंगांचा नर मारला. त्या नरावर माझी तीन वर्षं नजर होती. मी तक्रार केली ती यामुळे, असं कुणी म्हणू नये. मी तक्रार केली ती कायद्याच्या प्रेमापोटी!

शिकारीचे नियम पाळले जातात का ते बघणारी वॉर्डन केंड्रा प्रुइट माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची. आवाज कधी चढत नाही, पाऊल कधी घाईत पडत नाही. ती माझ्या फाटकाशी आली आणि म्हणाली, "मिस्टर स्टोरविक, मोएन यांची टपालपेटी आयोवात आहे. मतदानही ते इथेच करतात."

"अहो बाई, टपालपेटीला काय विचारायचं! उशी कुठे आहे ते विचारा. सलग नव्वद दिवस माणूस जिथे झोपतो, तिथला तो!"

"उशी," ती म्हणाली, आणि तिने वहीत तो शब्द लिहून घेतला. मला इतका आनंद झाला की मी तिला घरची सफरचंदं दिली.

आता माझ्याविषयी एक बारीकशी गोष्ट सांगायला हवी. बारीकशीच. मी घोरतो. निदान माझ्या बायकोचं, आर्लिसचं, तसं म्हणणं आहे. तिने एकदा फोनवर आवाज टिपून मला ऐकवला. मी म्हटलं, हे शेजाऱ्याचं मका वाळवायचं यंत्र आहे. ती म्हणाली, शेजाऱ्याने मका अजून पेरलेला नाही! जूनमध्ये तिने निर्णय दिला, "व्हर्लिन, या खोलीत एक तर तू, नाहीतर मी."

खोली तिच्या आवडीच्या रंगाची, पडदे तिने शिवलेले. मी उशी उचलली आणि आमच्या जुन्या कॅम्परमध्ये, म्हणजे सहलीच्या चाकांवरच्या खोलीत, मुक्काम हलवला. कॅम्पर घरासमोर ठेवला तर तिला स्वयंपाकघरातून पक्षी दिसेनात. म्हणून ट्रॅक्टरने ओढून तो रस्त्यापलीकडे नेला. तिकडचं शेतही आमचंच. मधला रस्ता खडीचा. त्या रस्त्यावर पाटी नाही, कुंपण नाही, आमची कोंबडीसुद्धा दिवसातून दहा वेळा ये-जा करते.

रोज सकाळी मी नाश्त्याला घरी यायचो. आर्लिस विचारायची, "झोप झाली का?" मी म्हणायचो, "वाईट नाही."

आता आम्ही पडलो नॉर्वेतून आलेल्यांची नातवंडं. आमच्यात 'वाईट नाही' याच्या वर कौतुकच नाही! लग्न ठरताना सासऱ्यांनी मला विचारलं होतं, "कशी वाटते मुलगी?" मी म्हटलं, "वाईट नाही." म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेव्हा आर्लिसने काय समजायचं? नवरा कॅम्परमध्ये स्वर्गसुख भोगतोय! ती बिचारी माझ्या ताटलीत अंडं जरा जोरात आपटायची.

खरं सांगू? जूनपासून मला धड झोप नव्हती. पण हे बोलणार कोण? घराबाहेर काढलेल्या माणसाला तेवढा तरी ताठा नको?

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी आमच्या चर्चच्या तळघरात ल्युटफिस्कचं जेवण असतं. ल्युटफिस्क म्हणजे क्षाराच्या पाण्यात भिजवून थुलथुलीत केलेला मासा. साठीच्या आतलं कुणी तो आपणहून खात नाही, पण येतात सगळे. आर्लिस आत लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पोळ्या, भाजत होती. माझ्याकडे पातळ लोण्याचा जग होता. मी पंगतीतून फिरत वाढत होतो. शिकारीच्या हंगामाला चार आठवडे उरले होते आणि मी खुशीत होतो.

वॉर्डन प्रुइट आली. तिने मासा टाळून तीनदा बटाटे घेतले आणि बरोबर गेलनच्या समोर बसली. गेलनशेजारी त्याची एक्याण्णव वर्षांची आई बोर्गहिल्ड. मी लोणी घेऊन तिथेच घोटाळू लागलो.

"मिस्टर मोएन, एक विचारायचं होतं," वॉर्डन शांतपणे म्हणाली. "तुम्ही रात्री कुठे झोपता?"

चर्च बांधल्यापासून त्या तळघरात असा प्रश्न कुणी कुणाला विचारला नसेल. गेलन कानापर्यंत लाल झाला.

"आईकडे," तो म्हणाला. "मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून. ती पडली होती ना घरात. रात्री तिला उठवायला माणूस लागतं."

"शेजारच्या खोलीत असतो," बोर्गहिल्ड म्हणाली. "लहानपणचीच खाट आहे. पाय बाहेर लोंबतात पोराचे."

मला लाज वाटली. अगदी खरी. तेव्हाच जग घेऊन आत निघून गेलो असतो तर बरं झालं असतं. पण हात दाखवून अवलक्षण करून घेणं माझ्या रक्तातच! मी म्हटलं, "मी सांगतच होतो, उशीच्या बाबतीत गेलन अगदी सच्चा!"

गेलनला बरं वाटलं. परतफेड म्हणून तोही प्रेमाने म्हणाला, "तुझाही दिवा दिसतो बरं का पहाटे. आईला औषध देऊन दूध काढायला निघतो ना, तेव्हा. तुझ्या कॅम्परमधला."

"कॅम्पर?" वॉर्डनने काटा खाली ठेवला. "कुठे असतो तो?"

"इथेच. रस्त्यापलीकडे," मी म्हटलं.

"कुठल्या रस्त्यापलीकडे?"

"राज्याच्या हद्दीच्या! पलीकडे मिनेसोटा!" बोर्गहिल्ड म्हणाली. या बाईला प्रवचनातला एक शब्द ऐकू येत नाही!

वॉर्डनने वही उघडली. 'उशी' या शब्दाखाली दोन रेघा होत्या. तिने तिसरी ओढली. "कधीपासून झोपता तिथे?"

"जूनपासून," उत्तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आलं. आर्लिस हातात लेफ्से घेऊन उभी होती. ती खोटं बोलत नाही, चर्चमध्ये तर नाहीच. "आणि मजेत झोपतो. मी रोज विचारते."

जून ते नोव्हेंबर! नव्वद दिवस केव्हाच उलटले होते. डिसेंबरच्या पहिल्या सकाळी माझ्याच रानातल्या माझ्याच ओकखाली मी अडतीस वर्षं उभा राहिलोय. तिथे आता दुसरे उभे राहणार, आणि मी शिकागोच्या दातांच्या डॉक्टरांबरोबर सोडतीत नाव घालणार! वय सदुसष्ट. पाच वर्षांनी नंबर लागेल, पण गुडघे टिकतील का?

"पण माझं घर, मतदान, ट्रॅक्टर, टपालपेटी, सगळं आयोवात आहे!"

"टपालपेटीला काय विचारायचं," ती हळूच म्हणाली.

मग लोक माझ्या मदतीला धावले. देवाने असे मदतनीस शत्रूलाही देऊ नयेत.

"व्हर्लिन आयोवातच झोपतो, मी साक्षीदार आहे," पास्टर ल्युंड उठून म्हणाले. "दर रविवारी, माझ्या प्रवचनात. चौथ्या बाकावर."

"सहकारी संस्थेच्या सभेतसुद्धा," गेलन म्हणाला.

"माझ्या नवऱ्याच्या अंत्यविधीला झोपला होता," बोर्गहिल्ड म्हणाली. "चांगला तासभर!"

वॉर्डनने सगळं लिहून घेतलं, मनाशी जुळवलं आणि मान हलवली. "हे फार तर आठवड्याला चार तास होतात. रात्रीचं काय?"

आता एकच वाट उरली होती. मी जग टेबलावर ठेवला.

"मी तिथे झोपत नाही," मी म्हटलं.

"मग काय करता?"

"पडतो. छत बघतो. पहाटे दिवा लावतो."

"का?"

सगळं तळघर ऐकत होतं. वाढणारे डाव हातात धरून थांबले होते. मी आर्लिसकडे बघितलं आणि म्हटलं, "ही नसते म्हणून. छत्तीस वर्षं हिचे गार पाय माझ्या पोटरीला लागायचे. मी कुरकुर करायचो. आता ते लागल्याशिवाय मला झोपच येत नाही."

कुणाच्या तरी हातातून काटा पडला. पास्टर माशाकडे निरखून बघू लागले.

"पण तू तर रोज 'वाईट नाही' म्हणायचास!" आर्लिस म्हणाली.

"मग काय म्हणू? असं सगळं उघड बोलायचं?"

"व्हर्लिन, तेव्हा स्वयंपाकघरात आपण दोघंच असायचो."

ती ॲप्रनला हात पुसत बाहेर आली. डोळे ओले होते. वाफेने, असं तिचं म्हणणं. तिने सगळ्यांदेखत माझ्या खांद्यावर हात ठेवला! आमच्या चर्चमध्ये याला जवळजवळ नाच म्हणतात. मला फार बरं वाटलं. वाईट नाही वगैरे नव्हे, बरंच!

वॉर्डनने वही मिटली. "नुसतं पडून राहणं म्हणजे झोपणं नव्हे. मिस्टर स्टोरविक मिनेसोटात झोपत नाहीत, असं मी लिहिते. परवाना राहील. पण आजपासून उशी घरात."

जाता जाता मी गेलनला गाठलं. "तुझ्याबद्दल फोन मीच केला होता."

"माहीत आहे," तो म्हणाला. "ती पुस्तिका दुसरं कोण वाचतं?"

मी त्याला म्हटलं, यंदा माझ्याबरोबर ओकखाली उभा राहा. तो म्हणाला, बघू. आमच्यात याचा अर्थ हो.

संध्याकाळी मी कॅम्परमधून उशी उचलली आणि शीळ घालत घराकडे निघालो. रस्त्याच्या मधोमध आर्लिस भेटली. अंगात कोट, काखेत तिची उशी!

"कुठे निघालीस?"

"कॅम्परमध्ये."

"अगं, पण मी आत्ताच सगळ्या गावासमोर..."

"ऐकलं ना. फार गोड बोललास, जन्मभर विसरायची नाही." तिने माझ्या गालाचा मुका घेतला. "पण जूनपासून मला छत्तीस वर्षांत पहिल्यांदा शांत झोप लागतेय, व्हर्लिन. तुला घरात झोपायलाच हवं, कायदा आहे. मी काही शिकार करत नाही. मला कुठेही चालतं!"

आणि ती रस्ता ओलांडून गेली. त्यामुळे कायद्याने मी आता पक्का आयोवाचा रहिवासी आहे. झोप तेवढी मिनेसोटात असते.