देवपुजारीकाकांचा ढकल्या

आमच्या शेजारचे देवपुजारीकाका मराठी नाव नसलेल्या वस्तूला हात लावत नसत. "आधी नाव सांगा, मग पाहू," म्हणायचे. कोणीतरी दिलेला थर्मास चार महिने खोक्यातच पडून होता. 'उष्णकुंभ' सुचला त्या दिवशी त्यात पहिला चहा भरला गेला. आईने एकदा कस्टर्ड दिलं, तर चमचा हातात धरून ते इतका वेळ बसले की आईला वाटलं, दूध नासलंय. शेवटी 'ही खीरच आहे, फक्त हट्टी' असं ठरवून त्यांनी वाटी संपवली.

ही सवय नोकरीतून आलेली. नागपूर राजधानी होतं तेव्हा राज्याच्या दोन भाषा होत्या, हिंदी आणि मराठी, आणि काका सरकारी भाषांतर शाखेत मराठी शब्द घडवत. वर इंग्रजी शब्द, खाली मराठी, अशी कार्डं एका मोठ्या लाकडी कपाटाच्या खणांत विषयवार लावलेली. मग राज्यांची फेररचना झाली. मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, राजधानी भोपाळला आली, आणि कोण कुठे जाणार ते प्रत्येकाकडून लिहून घेतलं. कपाटाला कोणी विचारलं नाही. सामानाच्या यादीत ते 'लाकडी कपाट, नग एक' होतं. खण न उघडताच ते भोपाळच्या वॅगनमध्ये चढलं. दुसऱ्या दिवशी काकांनीही 'भोपाळ' लिहून दिलं. बाबा त्यांना कपाटामागून आलेला माणूस म्हणत.

भोपाळला मराठी शब्दांचं कोणाला काही काम नव्हतं. काका आवक-जावकच्या टेबलावर बसले आणि कपाट जुन्या शहरातल्या एका कोठीत पडून राहिलं. दोन वर्षांनी हुकूम निघाला: महिनाअखेर खोली रिकामी करावी, कपाट दुसऱ्या खात्याला द्यावं, आतले कागद रद्दीत काढावेत. काकांचे साहेब भले होते. ते म्हणाले, "देवपुजारीजी, तोपर्यंत खणांसकट घरी नेता आले तर न्या. मी बघितलं नाही."

खण होते अठरा, दिवस उरले होते दहा. टांगा काकांना चालेना. टांग्यात हिसके बसतात, खण एकमेकांवर पडतात, अनुक्रम बिघडतो. म्हणून ते संध्याकाळी एकेक खण सायकलच्या कॅरियरला बांधून आणत. पण जुन्या शहरातून आमच्या टी. टी. नगरला यायचं म्हणजे बाणगंगेचा चढ, आणि तिथे सायकल ढकलत आणावी लागे. दिवसाला दोन फेऱ्या झाल्या तरच सगळं वाचणार होतं.

खरं तर ती सायकल चढासाठीच बनलेली होती. परत विलायतेला जाणाऱ्या एका इंग्रज इंजिनिअरकडून काकांनी ती नागपुरात घेतली होती. तिला पायडलापाशी दोन दातेरी चाकं होती, एक मोठं, एक लहान. हँडलजवळची कळ ओढली की एक चिमटा साखळीला लहान चाकावरून मोठ्यावर ढकलायचा. कळ सोडली की स्प्रिंगने चिमटा मागे यायचा आणि साखळी पुन्हा लहान चाकावर, म्हणजे चढ सोपा. नागपूर सपाट, तिथे ह्याची गरजच पडली नाही. इथे गरज पडली तेव्हा चिमटा मोठ्या चाकापाशी जाम झालेला होता. चौकातल्या सायकलवाल्या मुन्ने मियाँनी बघून हातोडी उचलली होती. "को खाँ बाबूजी, ये साइकिल है के सिलाई मशीन? निकाल फेंको बला." काका आल्या पावली सायकल घेऊन परतले.

रविवारी सकाळी ते सायकलीबरोबर आलेला पिवळा पडलेला इंग्रजी कागद घेऊन आमच्याकडे आले. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, घरी कमी बोलणारी. आजवर त्यांच्याशी 'हो' आणि 'आई आत आहे' ह्यापलीकडे काही बोललेही नव्हते. "बाळ, तू मडमांच्या शाळेतली. हे वाच," म्हणाले.

सायकल अंगणात उलटी उभी केली. चिमट्याचं कागदावरचं नाव 'डिरेलर' असं होतं. मी शब्दकोश काढून सांगितलं, मूळ फ्रेंच, अर्थ रुळावरून घसरवणारा. काकांना ते पसंत पडलं नाही. अपघाताचं नाव यंत्राला कसं द्यायचं? 'शृंखलापसारक' करून पाहिलं, मग 'साखळीचालक', मग त्यांनी डोळेच मिटले. पुढच्या ओळीत 'पिव्हट' होतं, तिथे आणखी अर्धा तास गेला. अकरा वाजेपर्यंत तीन शब्द झाले होते आणि एकही स्क्रू फिरला नव्हता. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, "भाऊजी, सायकलीचं बारसं आटोपलं की जेवायलाच या."

मी तोपर्यंत नुसती बघत होते. चिमट्याच्या सांध्यावर तपकिरी, चकचकीत थर होता. नखाने खरवडला तर निघेना. मी विचारलं, ह्याला तेल कोणतं घालता. काका अभिमानाने म्हणाले, घरचं जवसाचं, दर अमावास्येला, न चुकता, नागपूरपासून.

"काका, जवसाचं तेल वाळून घट्ट होतं," मी म्हणाले. "बाबा ते दाराच्या रंगात घालतात."

काकांनी सांध्यावर अंगठा फिरवून पाहिला.

"म्हणजे दहा वर्षं मी ह्याला रंग देऊन राहिलो होतो?"

आई आत हसली ते ऐकू आलं. मी रॉकेल, चिंधी आणि दातांचा जुना ब्रश आणला. सांधा भिजवला, घासला, चिमटा हाताने पुढे-मागे केला; थर सालीसारखा सुटायला लागला. कळीपासून येणारी तार काढून पुसली, पुन्हा ताणून बांधली. सांध्यात आईच्या शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. कळ सोडली, चिमटा टचकन मागे आला. इतका मागे, की साखळी लहान चाकावरूनही खाली पडली. कागदात त्याचाही स्क्रू दिला होता. तो अर्धा फेरा आवळल्यावर साखळी जागेवर बसली. काकांचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

"ढकलतो ना? मग ढकल्या," ते म्हणाले आणि जेवायला गेले.

सोमवारपासून दोन फेऱ्या सुरू झाल्या. संध्याकाळी मी फाटकापाशी खण उतरवून घ्यायला उभी राहू लागले, आणि शेवटचा खण महिना संपायच्या आदल्या दिवशी आला. तो पलंगाखाली लावताना मला कार्डं दिसली. सगळी एकाच हाताची, गोल, टपोऱ्या अक्षरांत. काकांचं अक्षर तर मुंग्यांसारखं. मी विचारलं, हे कोणाचं.

"मंडळींचं."

"ऑफिसातल्या मंडळींचं?"

ते थोडं हसले. "मडमांनी हे नाही शिकवलं? मंडळी म्हणजे आमची बायको. माझं अक्षर कोणाला लागत नसे, म्हणून मी घरी न्यायचो आणि ती उतरवून द्यायची. साहेबाला ठाऊक नव्हतं. इकडे यायच्या आधीच गेली ती."

मी कार्डं चाळत राहिले. ह्या खणात पुढची बरीच कार्डं कोरी होती, नुसता इंग्रजी शब्द टाइप केलेला. कोऱ्या कार्डांच्या आधी एक होतं. वर 'ॲडजर्नमेंट', खाली गोल अक्षरांत 'तहकु'. पुढे काही नाही.

"काका, एकच अक्षर राहिलंय," मी म्हणाले आणि टेबलावरचा टाक त्यांच्यापुढे केला.

त्यांनी कार्ड घेतलं, चष्मा वर करून पाहिलं आणि होतं त्या जागी परत लावलं.

"राहू दे," म्हणाले, आणि खण आत सरकवला.